'जळेल' पडदा : एका संज्ञेचा इतिहास

मोबाईल फोनच्या पडद्यावर एखादी आकृती दीर्घकाळ स्थिर राहिली, तर ती नाहीशी झाल्यानंतरही तिची पुसट खूण मागे राहते, हा अनुभव आता वऱ्हाडातील लहान गावांतूनही परिचयाचा झाला आहे. वरच्या कडेला घड्याळाचे आकडे आणि बॅटरीचे चिन्ह, तळाशी मागे जाण्याचा बाण, त्याच्या वरच्या बाजूस कळफलकाच्या चौकटी, असे या खुणांचे साधारण स्वरूप असते. या घटनेस इंग्रजीत 'बर्न-इन' असे नाव आहे. 'इमेज रिटेन्शन' असे दुसरेही एक नाव आहे, आणि ही दोन्ही नावे सर्रास समानार्थी म्हणून वापरली जातात. वस्तुतः ती समानार्थी नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकी पहिल्या संज्ञेचा इतिहास हा आहे. 'जळणे' हा शब्द एका यंत्रासाठी योजला गेला. पुढे तो दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या यंत्रास लावण्यात आला. प्रत्येक यंत्रात घडणारी क्रिया निराळी असताही शब्द मात्र तोच राहिला. शब्दार्थाच्या अभ्यासकास असे स्थलांतर नवीन नाही. परंतु येथे त्याचा एक व्यावहारिक परिणाम झालेला आहे. बिघाड कोणामुळे झाला आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नांची उत्तरे शब्दाने आधीच सुचवून ठेवलेली आहेत. म्हणून या शब्दाची तपासणी करणे अगत्याचे वाटते.

प्रथम आपल्याकडील बोलीचा विचार करू. अमरावती-अकोल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांतून कानी पडणारे वाक्य 'डिस्प्ले जळेल हाय' असे असते. प्रमाण मराठीत 'जळेल' हे भविष्यकाळाचे रूप होय. वऱ्हाडीत मात्र प्रमाण भाषेतील '-लेला' या कृदन्ताच्या जागी '-एल' येते: सडेल कांदे, फाटेल सदरा, त्याचप्रमाणे जळेल पडदा. तेव्हा पुण्याकडील ग्राहकास जे वाक्य भाकितासारखे वाटावे, ते वऱ्हाडी माणसाच्या तोंडी पूर्ण झालेल्या क्रियेचे आणि त्या क्रियेतून उरलेल्या स्थितीचे निदर्शक असते. ही स्थितिदर्शकता महत्त्वाची आहे. फोनचा पडदा एखाद्या क्षणी जळत नाही. तो हळूहळू एका स्थितीला येऊन पोहोचतो आणि मगच ती स्थिती डोळ्यांना जाणवते. या एका बाबतीत वऱ्हाडी व्याकरण इंग्रजी परिभाषेहून वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

याच दुकानांतून आणखी दोन शब्दप्रयोग ऐकू येतात: 'छाप बसली' आणि 'सावली दिसते'. त्यांचा परामर्श पुढे योग्य ठिकाणी घेऊ. जळणे आणि खूण राहणे या दोन कल्पनांचा संबंध मात्र आपल्या भाषेत फार जुना आहे, हे येथेच नोंदविले पाहिजे. मराठी 'डाग' हा शब्द फारसी 'दाग' या शब्दावरून आला. फारसीत त्याचा अर्थ तापल्या लोखंडाने उमटविलेली खूण असाही आहे आणि कलंक असाही आहे. मोगल लष्करात घोड्यांना दाग देण्याची पद्धत होती. अबुल फजलच्या 'ऐन-ई-अकबरी'त तिचे नियम दिलेले आहेत, आणि त्याच ग्रंथात नव्याने मोगल अमलाखाली आलेल्या वऱ्हाड सुभ्याचे वर्णनही आहे. 'डागणे' या क्रियापदात आपण भाजण्याचा अर्थ जपला आणि 'डाग' या नामात तो बहुधा विसरून गेलो. कपड्यावरील डाग धुतला म्हणजे निघतो, परंतु डागलेली खूण निघत नाही. पडद्याच्या बाबतीत ग्राहक 'डाग' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिला अर्थ असतो, म्हणजे काहीतरी वरून बसले आहे आणि ते पुसता येईल, असा. दुरुस्ती करणारा 'जळेल' म्हणतो तेव्हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. दोघांमधील निम्मा वाद येथेच उत्पन्न होतो.

इंग्रजी शब्दाचीही एक गंमत आहे. विद्युत्-उपकरणांच्या कारखान्यांत 'बर्न-इन' याचा अर्थ अगदी वेगळा होतो. नवे उपकरण बाजारात पाठविण्यापूर्वी ते काही तास, क्वचित् काही दिवस, वाढत्या तापमानात चालवून पाहतात; जे कच्चे असेल ते तेथेच बंद पडते आणि उरलेले विश्वासार्ह ठरते. मराठीत या अर्थासाठी 'तावून-सुलाखून घेणे' हा वाक्प्रचार तयारच आहे. म्हणजे एकच इंग्रजी शब्द एका ठिकाणी गुणाची परीक्षा दर्शवितो, तर दुसऱ्या ठिकाणी अवगुण. मराठीने या दोहोंसाठी निरनिराळे शब्द ठेवावेत हे उघडच इष्ट आहे.

आता यंत्रांकडे वळू. या इतिहासातील पहिले यंत्र म्हणजे ऋण किरण नलिका. कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ मध्ये जर्मनीत ती तयार केली. नलिकेच्या एका टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो आणि दुसऱ्या टोकाच्या काचेवर आतून लावलेल्या फॉस्फरच्या थरावर आदळून त्यास उजळवितो. झोत एकाच ठिकाणी खिळून राहिला तर तेथील फॉस्फर काळवंडतो व त्याची प्रकाश देण्याची शक्ती कमी होते. महाविद्यालयातील भौतिकीच्या प्रयोगशाळेत दोलनदर्शक हाताळलेल्या प्रत्येकास, प्रकाशबिंदू पडद्यावर स्थिर व प्रखर ठेवू नये, ही सूचना आठवत असेल. या ठिकाणी 'जळणे' हा शब्द अक्षरशः योग्य होता, कारण बाहेरून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने पडद्याचे द्रव्य भाजून निघत होते. काही वेळा ही इजा इतकी खोल असे, की यंत्र बंद असतानाही काचेवर तपकिरी आकृती दिसे.

याच नलिकेत आणखी एक प्रकारचे जळणे होते, व ते आज जवळपास विस्मृतीत गेले आहे. झोतात इलेक्ट्रॉनांबरोबर काही जड ऋण आयनही असत. दूरचित्रवाणीच्या नलिकेत झोत चुंबकीय क्षेत्राने वळवितात. हलके इलेक्ट्रॉन वळत, जड आयन मात्र जवळपास सरळच जात आणि पडद्याच्या मध्यभागी आदळून तेथे काळा ठिपका निर्माण करीत. यावर एक उपाय म्हणजे नलिकेच्या मानेजवळ आयन अडविणारे चुंबक बसविणे. दुसरा, अधिक टिकाऊ उपाय १९४६ मध्ये अमेरिकेतील आर.सी.ए. या संस्थेच्या एप्स्टाइन व पेन्सॅक या संशोधकांनी मांडला. त्यांनी फॉस्फरच्या मागील बाजूस ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिला. वेगवान इलेक्ट्रॉन त्यातून पार होत, आयन अडकून पडत, आणि शिवाय मागे जाणारा प्रकाश आरशाप्रमाणे परावर्तित होऊन प्रेक्षकाकडे येई. एका उपायाने दोन कार्ये साधली.

कॅमेऱ्याच्या नलिकांनाही या विकाराने सोडले नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ मोहिमेत चंद्रपृष्ठावर ॲलन बीन यांच्या हातून रंगीत दूरचित्रवाणी कॅमेरा चुकून सूर्याकडे वळला, त्याची संवेदक नलिका निकामी झाली, आणि त्या चांद्रभ्रमणाचे थेट चित्रण जवळपास आरंभीच संपुष्टात आले.

असे असताही, आपल्या घरांतील दूरचित्रवाणी संचांवर अशा खुणा क्वचितच दिसल्या. १९८० च्या दशकात लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे दूरदर्शन जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' पाहण्यासाठी एका संचापुढे अवघी आळी जमत असे. तरीही पडदे शाबूत राहिले, कारण चित्र सतत हलत होते आणि प्रक्षेपणाचे तासही मर्यादित होते. खरा प्रादुर्भाव झाला तो संगणकाच्या पडद्यांवर. बँकांत व रेल्वेच्या आरक्षण खिडक्यांवर हिरव्या किंवा पिवळसर अक्षरांचे एकरंगी पडदे आले आणि त्यांवर तोच तक्ता, तीच शीर्षके, त्याच रकान्यांच्या रेषा दिवसभर तेवत राहिल्या. अशा जुन्या पडद्यांवर वर्तमान मजकुराच्या मागे जुन्या तक्त्याचा सांगाडा दिसे. पैसे काढण्याच्या यंत्रांवरही हीच स्थिती होती. ग्राहकाचे नाव आणि रक्कम प्रत्येक वेळी बदलत, म्हणून त्यांची खूण राहत नसे. खूण राही ती रकान्यांची. भाषेच्या अभ्यासकास यात एक ओळखीची गोष्ट दिसते. शब्द येतात-जातात, प्रत्यय मात्र वाक्यामागून वाक्यात तेच राहतात. जळलेल्या पडद्यावर मजकूर उरत नाही, मजकुराचे व्याकरण उरते.

या जळण्यावरील उपायाने एक स्वतंत्र व्यवसायच निर्माण केला. १९७९ च्या अटारी संगणकांत, काही मिनिटे कळ दाबली गेली नाही तर रंग आपोआप बदलत राहण्याची सोय होती. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी 'सॉफ्टटॉक' मासिकात एक छोटी आज्ञावली प्रसिद्ध केली. तीन मिनिटे काम थांबले की ती पडदा काळा करीत असे. पडदा-रक्षक या जातीच्या आज्ञावलींचा हा आरंभ होय. १९८९ मध्ये 'आफ्टर डार्क' हा संच आला, त्यातील पंख असलेले टोस्टर जगभर प्रसिद्ध झाले, आणि संरक्षणाचे साधन करमणुकीचे साधन बनले. पुढे पडदे सुधारले, गरज संपली, तरी कचेऱ्यांतील संगणकांवर रंगीत नळ्या व फिरणारी नावे नाचत राहिली. प्रयोजन संपल्यावरही प्रथा टिकून राहते, याचे यापेक्षा निरुपद्रवी उदाहरण सापडणे कठीण. नलिकेचा अस्त मात्र पुष्कळांना वेळीच कळला नाही. औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉम्सन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय विकत घेतला, तेव्हा सपाट पडद्यांनी बाजार व्यापावयास सुरुवात केलेली होती.

दुसरे व तिसरे यंत्र येथे थोडक्यात आटोपता येईल. प्लाझ्मा पडदा १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जन्मला. त्याच्या रंगीत प्रकारात वायूतील विसर्जनातून निघणाऱ्या जंबुपार किरणांनी फॉस्फर उजळत, म्हणून फॉस्फर थकणे येथेही होते. वृत्तवाहिन्यांची कोपऱ्यातील बोधचिन्हे त्यावर हमखास उमटत. २०१४ च्या सुमारास प्रमुख उत्पादकांनी हे पडदे बनविणे बंद केले. द्रवस्फटिक पडद्यात जळण्यासारखे काहीच नाही, कारण त्याचे घटक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते मागील दिव्याचा प्रकाश कमीअधिक अडवितात, एवढेच. परंतु एकच चित्र फार काळ राहिल्यास द्रवस्फटिकातील आयन एका बाजूस साचतात आणि ती जागा काही काळ नव्या आज्ञेस नीट दाद देत नाही. पडदा बंद ठेवल्यास किंवा निराळे चित्र दाखविल्यास ही खूण बहुधा नाहीशी होते. यासच 'इमेज रिटेन्शन' म्हणणे योग्य. मराठीत 'प्रतिमाशेष' म्हणता येईल. ज्याची भरपाई होते तो प्रतिमाशेष आणि ज्याची होत नाही ती कायमची खूण, हा भेद पुढील विवेचनात सोडून चालणार नाही.

चौथे यंत्र म्हणजे आज आपल्या हातातील ओएलईडी, अर्थात् सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडांचा पडदा. कार्बनी संयुगांतून विजेच्या योगे प्रकाश मिळतो, हे १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये बर्नानोझ यांनी व १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मार्टिन पोप यांनी दाखविले होते. परंतु पोप यांच्या अँथ्रासीनच्या स्फटिकांना शेकडो व्होल्टांची गरज लागे. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन सेंद्रिय थर एकावर एक बसविले. दोहोंची मिळून जाडी दीडशे नॅनोमीटरांच्या आतच होती. १० व्होल्टांहून कमी दाबावर त्यांना उपयोगी पडेल इतका प्रकाश मिळाला. १९९७ मध्ये पायोनियर कंपनीने मोटारीतील ध्वनिसंचास असा पडदा बसविला, २००८ मध्ये नोकियाचा एन८५ हा फोन आला, आणि २०१० च्या गॅलेक्सी एस पासून हे तंत्र सर्वतोमुखी झाले. येथे प्रत्येक पिक्सेल हा स्वतःच एक दिवा आहे. काळ्या जागी दिवा विझलेला असतो, म्हणून काळा रंग खराखुरा काळा दिसतो; आणि प्रत्येक दिवा स्वतंत्र असल्यामुळे त्याचे वयही स्वतंत्र असते. या तंत्राचा गुण व त्याचा दोष एकाच मुळातून निघालेले आहेत.

सेंद्रिय रेणू विद्युत्-प्रवाहामुळे उत्तेजित होतो आणि प्रकाश देऊन पूर्वस्थितीस येतो. कोट्यवधी वेळा हे सुरळीत घडते. परंतु क्वचित् दोन उत्तेजित अवस्था एकमेकींवर आदळतात, किंवा उत्तेजित रेणू व विद्युत्-भारित रेणू यांची गाठ पडते, आणि एकवटलेली ऊर्जा रेणूतील एखादा बंध तोडते. तुटलेला रेणू प्रकाश देत नाही, इतकेच नव्हे तर शेजारच्यांची ऊर्जाही शोषून घेतो. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा सर्वांत अधिक, ती दुबळ्या बंधांच्या ऊर्जेच्या जवळपास जाते. म्हणून निळा घटक सर्वांत आधी थकतो. १९९८ मध्ये बाल्डो, फॉरेस्ट, थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड धातूंच्या संयुगांचा मार्ग दाखविल्यापासून लाल आणि हिरव्या घटकांची कार्यक्षमता पुष्कळ वाढली. निळ्याने मात्र संशोधकांना फार काळ दाद दिली नाही. पुष्कळ फोनांत निळ्या उपपिक्सेलचे क्षेत्रफळ हिरव्यापेक्षा मोठे ठेवलेले असते, ते यासाठीच. क्षेत्र मोठे असले म्हणजे तेवढ्याच प्रकाशासाठी दर चौरस एककावर प्रवाह कमी द्यावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या पडद्यात जी आकृती दिसते, ती कशाची असते? 'छाप बसली' या शब्दप्रयोगाने असे वाटते की काहीतरी नवे येऊन चिकटले आहे. तसे काहीही घडलेले नसते. भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेली तसबीर काढली म्हणजे तिच्यामागील चौकोन उजळ दिसतो. त्या चौकोनाला काही झालेले नसते; भोवतालचा रंग उन्हाने व धुराने उतरलेला असतो, आणि आपण पाहतो तो दोहोंमधील फरक. ओएलईडी पडद्यावरील आकृती ही याच जातीची आहे. जो भाग अधिक तेवला तो अधिक थकला, जो विश्रांती घेत होता तो ताजा राहिला, आणि एकसारखा करडा रंग दाखविला की हा वयाचा फरक उघडा पडतो. म्हणूनच पडदा बंद असताना येथे काहीही दिसत नाही. पांढऱ्या कळफलकावरील काळ्या अक्षरांचे उदाहरण घ्या. कळा तेवत असतात आणि अक्षरे विझलेली असतात. परिणामी त्या फोनवर पुढे अक्षरेच भोवतीपेक्षा किंचित् उजळ दिसतात. रोमन लिपीतून मराठी टंकित करणाऱ्या आपल्या असंख्य विद्यार्थ्यांच्या फोनवर अशा रीतीने रोमन वर्णमालाच तेवढी तरुण राहते, ही गोष्ट भाषाभिमान्यांनी मनावर घ्यावी की काय, हे त्यांचे त्यांनी ठरवावे!

तेव्हा या क्रियेस 'जळणे' म्हणणे शास्त्रदृष्ट्या शिथिल होय. बाहेरचा मारा नाही, भाजणे नाही, ठसा नाही. उंबरा मध्यभागी झिजतो, जात्याची पाळ टाकी लावूनही उत्तरोत्तर पातळ होते, तसे हे वापराने होणारे झिजणे आहे. 'विषम झीज' ही संज्ञा क्रियेसाठी सुचवावीशी वाटते. दृश्य परिणामासाठी दुकानदारांचा 'सावली' हा शब्द सर्वोत्तम आहे. कारण सावली ही वस्तू नसून प्रकाशाची उणीव आहे, आणि येथे नेमके तेच घडते. जात्याशी असलेले साम्य आणखी पुढे नेता येते. पडदा एकसारखा दिसावा म्हणून यंत्र जे उपाय करते त्यांत दोन प्रकार आहेत: थकलेल्या पिक्सेलला अधिक प्रवाह देणे, किंवा ताज्या पिक्सेलची चमक उतरवून त्यांना थकलेल्यांच्या बरोबरीस आणणे. पहिल्याने थकलेला भाग आणखी वेगाने थकतो; दुसरा म्हणजे टाकी लावून सगळा दगड खालच्या पातळीवर आणणे होय. घड्याळाचे आकडे व तळाची चिन्हे अधूनमधून काही पिक्सेलनी सरकविणे हा तिसरा उपाय. त्याने झीज टळत नाही, फक्त तिच्या कडा बोथट होतात. प्रकाश देणारे दोन थर एकावर एक रचून प्रत्येकावरील भार निम्मा करण्याचा मार्ग अधिक मूलगामी असून २०२४ च्या आयपॅड प्रो मध्ये तो अवलंबिलेला आहे.

प्रतिमाशेष मात्र या पडद्यांतही आढळतो, आणि त्याचे कारण रेणूंत नसून त्यांना प्रवाह पुरविणाऱ्या पातळ पटलाच्या ट्रँझिस्टरांत असते. दीर्घकाळ एकाच अवस्थेत राहिलेला ट्रँझिस्टर नव्या आज्ञेस काही वेळ जुन्या सवयीने प्रतिसाद देतो. थोड्या वेळाने तो पूर्ववत् होतो. म्हणून काही मिनिटांत पुसली गेलेली सावली पाहून पडदा 'जळला' असा निर्णय देणे घाईचे ठरेल.

वऱ्हाडात या झिजेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, याचे कारण येथील ऊन. झिजेचा वेग दोन गोष्टींवर विशेष अवलंबून असतो: प्रकाशाची तीव्रता आणि तापमान. तीव्रता दुप्पट केली असता आयुष्य निम्मे होते असे नव्हे. पुष्कळ द्रव्यांत ते निम्म्याहूनही कमी, क्वचित् चतुर्थांशाच्या जवळ येते. तापमान वाढले की रासायनिक विघटन आणखी वेग घेते. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला आणि जिल्हा प्रशासनाने उष्म्यापायी महिनाअखेरपर्यंत जमावबंदीचे कलम १४४ लागू केले. अशा उन्हात दुचाकीच्या दांड्यावर फोन बांधून, नकाशा अखंड उघडा ठेवून घरोघरी जिन्नस पोहोचविणाऱ्या मुलाच्या फोनवर तीव्रता, उष्णता आणि स्थिर आकृती या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. उन्हात अक्षरे दिसावीत म्हणून यंत्र स्वतःच प्रकाश शिगेस नेते. काही फोन फार तापल्यावर प्रकाश आपोआप उतरवितात, पण त्या वेळी नकाशा दिसेनासा होतो, आणि काम तर थांबत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकऱ्यासही भर शेतात फोन उघडून नोंद करावी लागते. ती काही मिनिटांची बाब असल्यामुळे तिचा दोष धरता येत नाही. दोष धरावयाचा तो तासन्‌तास न हलणाऱ्या चित्राचा. त्यातही असा मुलगा बहुधा जुना, वापरलेला फोन विकत घेतो, म्हणजे पहिल्या मालकाची झीज त्याच्या वाट्यास आधीच आलेली असते. करड्या रंगाचे कोरे चित्र पूर्ण पडद्यावर दाखवून मगच किंमत ठरविण्याची जाणत्या दुकानदारांची रीत सर्वथा शास्त्रशुद्ध आहे.

या विषयाचे शास्त्र परके आहे असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. प्रकाश देणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास विदर्भात चांगला रुजलेला आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात डॉ. एस. के. ओमनवार व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉस्फरवर संशोधन केले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातील डॉ. संजय ढोबळे यांनी फॉस्फरखेरीज सेंद्रिय डायोडांवरही लेखन केले असून, एन. थेजो कल्याणी व एच. सी. स्वार्ट यांच्यासह लिहिलेला त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रयोगशाळांतील ज्ञान मराठी परिभाषेत उतरविण्याचे काम भाषाविभागांनी अंगावर घ्यावयास हवे. ते भौतिकीच्या अध्यापकांवर सोपवून आपण मोकळे होणे बरे नव्हे.

परिभाषेची ही निकड केवळ विद्वत्तेची नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ एक्सएल या फोनवर थोड्याच आठवड्यांत सावल्या दिसू लागल्याच्या तक्रारी झाल्या. कंपनीने या तंत्रात असे होणे स्वाभाविक असल्याची भूमिका घेतली, परंतु हमीचा काळ दोन वर्षांचा केला आणि पडद्याची कमाल चमक थोडी उतरविली. त्याच वर्षी ॲपलने आपला पहिला ओएलईडी फोन आणला, तेव्हा कालांतराने अशी खूण राहणे अपेक्षितच आहे, असे आपल्या माहितीपत्रात आधीच नमूद करून ठेवले. पाहा, तीन शब्द तीन पक्ष घेतात. 'जळला' म्हटले की वापरणाऱ्याने जाळला असा ध्वनी निघतो. दुकानातील माणूस सहजच विचारतो, 'एवढा वेळ कशाला चालू ठेवला?' 'दोष' म्हटले की उत्पादकाकडे बोट जाते. 'झीज' म्हटले की कोणाकडेच जात नाही, आणि उत्पादकास नेमके तेच सोयीचे असते. तर मग 'झीज' हा शब्द सुचविण्यात ग्राहकाचे अहित नाही काय, अशी शंका कोणी घेईल. तसे वाटत नाही. झीज मान्य केली की पुढचा प्रश्न अटळपणे वेगाचा येतो. जोड्याचा तळवा झिजतो हे सर्वांस मान्य आहे. परंतु तो दोन महिन्यांत झिजला तर चांभारास जाब विचारला जातोच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमातील 'दोष' या संज्ञेची व्याप्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, सामर्थ्य किंवा दर्जा यांतील, कायद्याने किंवा विक्रेत्याने दिलेल्या वचनाने अपेक्षित असलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडणारी कोणतीही उणीव तीत येते. तेव्हा झीज होणे हा दोष नसला, तरी वचन दिलेल्या काळाआधी होणे हा दोष ठरू शकतो. मात्र त्यासाठी तक्रार नेमक्या शब्दांत मांडावी लागते. ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तो जाऊ शकतो, म्हणून अकोल्याच्या माणसास अकोल्यातच दाद मागता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ज्या दोषाचा निर्णय परीक्षणावाचून होत नाही, अशी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकारही आयोगास आहे. 'डिस्प्ले जळाला' एवढेच लिहिलेल्या अर्जावरून प्रयोगशाळेने काय तपासावे हे कळणार नाही. फोन कोणत्या तारखेस घेतला. सावली प्रथम केव्हा दिसली. ती करड्या, लाल, हिरव्या व निळ्या अशा चार कोऱ्या चित्रांपैकी कोणत्यांवर दिसते. पडदा काही तास बंद ठेवल्यानंतर ती उरते की नाहीशी होते. पडदा दररोज सरासरी किती तास चालू होता, जी नोंद पुष्कळ फोन स्वतःच ठेवतात. आणि सावलीची आकृती फोनच्या स्वतःच्या कायम चिन्हांची आहे की ग्राहकाने उघडलेल्या एखाद्या आज्ञावलीची. यांपैकी शेवटची बाब सर्वांत निर्णायक ठरावी. घड्याळ आणि तळाची कळपट्टी ग्राहकाने तेथे मांडलेली नसते.